साडेचार एकर, एक भिंत आणि बाटलीतला फेस

बऱ्हाणपूरकडच्या जसोंडीत कुणाकडे साडेचार एकर रान आहे असं सांगितलं, तर ऐकणारा मान वळवूनही बघणार नाही. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात ल मेनिल-स्यूर-ओजे नावाचं गाव आहे. त्या गावाच्या ऐन मध्यावर बरोबर एवढाच, म्हणजे १.८४ हेक्टरचा, एक तुकडा आहे. त्याला चारही बाजूंनी दगडी भिंत आहे आणि ती १६९८ सालापासून उभी आहे. आत फक्त द्राक्षं. या तुकड्याला ‘क्लो द्यू मेनिल’ म्हणतात. ‘क्लो’ म्हणजे भिंतीनं बंदिस्त केलेला मळा. इथल्या द्राक्षांपासून होणाऱ्या फेसाळ वाइनच्या एका बाटलीच्या पैशात आपल्याकडे बरी मोटरसायकल येते.

एवढे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न आपल्याला पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर मिळवायचं तर आधी फेसाळ वाइन तयार कशी होते ते पायरी-पायरीनं बघावं लागतं, आणि त्यासाठी फ्रान्सपर्यंत जायची गरज नाही. बऱ्हाणपूरला मुंबईकडची गाडी पकडली की भुसावळ, मनमाड करत आपण नाशिकरोडला उतरतो. तिथून पुढं दिंडोरीच्या परिसरात हेच काम, याच पद्धतीनं, दरवर्षी चालतं.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. सगळ्या फेसाळ बाटल्या शॅम्पेन नसतात. शॅम्पेन हे त्या प्रांताचं नाव आहे आणि तिथल्या नियमांप्रमाणे तिथंच तयार झालेल्या वाइनलाच ते लावता येतं. बाकीच्यांना फेसाळ वाइन किंवा स्पार्कलिंग वाइन म्हणायचं. फेस आणायच्या वाटाही तीन आहेत. तयार वाइनमध्ये सोड्यासारखा वायू भरायचा, ही सर्वांत स्वस्त. मोठ्या बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवायचं, ही मधली. आणि प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे दुसऱ्यांदा आंबवायचं, ही सर्वांत कष्टाची. तिला पारंपरिक पद्धत म्हणतात. क्लो द्यू मेनिल याच पद्धतीनं होते आणि नाशिकच्या सुला, शाँदों यांच्या ब्रूट बाटल्याही.

महाराष्ट्रात या पद्धतीचा पाया नाशिकनं घातलेला नाही. तो मान जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचा. उद्योजक शाम चौगुले यांनी १९८०च्या दशकात तिथं कारखाना उभारला, पायपर-हाइडसीक या शॅम्पेनमधल्या जुन्या घराण्याकडून तंत्रज्ञान घेतलं, आणि ‘ओमर खय्याम’ या नावाची फेसाळ वाइन थेट ब्रिटनच्या बाजारात नेली. इंडेज नावाचा तो उद्योग पुढं कर्जात बुडाला. पण सह्याद्रीच्या कडेला पारंपरिक पद्धतीची फेसाळ वाइन होऊ शकते, हे त्यानं दाखवून दिलं होतं. सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि शाँदोंनं २०१३ साली भारतात विक्री सुरू केली.

आता कामाला लागू. पहिला प्रश्न जागेचा.

फेसाळ वाइनला गोड द्राक्ष चालत नाही, आंबट लागतं. द्राक्षातलं आम्ल टिकायचं तर रात्री थंड हव्यात. बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे. फेब्रुवारी उलटला की तापीखोऱ्यात ऊन चढायला लागतं आणि द्राक्षातलं आम्ल बघता बघता उतरतं. केळीला जे मानवतं ते इथं आडवं येतं. नाशिकचं पठार सहाशे मीटरच्या आसपास आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली गेला याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच. शॅम्पेनची अडचण नेमकी उलटी. तिथं थंडी इतकी, की द्राक्ष पिकेल की नाही याचीच धास्ती. तिथल्या जमिनीखाली खडूचा जाड थर आहे. तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत मुळांना पुरवतो.

दुसरी पायरी वेलीची. आपल्याकडे वाइनची वेल बहुधा स्वतःच्या मुळांवर वाढवत नाहीत. खाली डॉगरिज किंवा ११०-आर जातीचा खुंट लावतात आणि वर हव्या त्या जातीचं कलम करतात. पाण्याचा ताण आणि खारवट जमीन हा खुंट सोसतो. फ्रान्समध्येही कलमच करतात, पण वेगळ्या कारणानं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपातले मळे उद्ध्वस्त केले. त्या किडीला दाद न देणारे अमेरिकी खुंट आणून मळे पुन्हा उभे केले गेले. आपल्याकडे कुणाला लागवड करायचीच असेल, तर खुंट निवडण्याआधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला जरूर घ्यावा. चुकीचा खुंट लागला तर ती चूक पंधरा वर्षं जमिनीत राहते.

जातींचं थोडक्यात. क्लो द्यू मेनिलमध्ये फक्त शार्दोने ही पांढरी जात आहे. नाशिकला सर्वांत भरवशाची ठरली ती शेनिन ब्लां, कारण उन्हातही तिचं आम्ल टिकतं. तिच्या जोडीला थोडं शार्दोने, थोडं पिनो न्वार हे काळं द्राक्ष. काळ्या द्राक्षाची वाइन पांढरी कशी, असं आपण विचाराल. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, रसात नसतो. साल रसात न भिजू देता हलक्या हातानं पिळलं की रस जवळजवळ पांढराच निघतो.

तिसरी पायरी छाटणी. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिनं नव्या काड्या तयार होतात आणि पुढच्या हंगामाचे घड याच काळात काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म रूपानं ठरतात. मग पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी. तिच्यानंतर फूल, मणी, घड.

पीक बिघडायला सुरुवात होते ती इथंच. गोडी छाटणी लवकर उरकली आणि परतीचा पाऊस रेंगाळला, तर कोवळ्या फुटीवर डाऊनी, म्हणजे केवडा, येतो. उशीर केला तर माल पिकायला मार्च उजाडतो आणि उन्हानं आम्ल उडतं. थंडीत ढगाळ हवा धरली की भुरी. बेमोसमी पाऊस आणि गारपीट यांचं तर निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. छाटणीची तारीख ठरवताना तो आभाळाशी पैज लावत असतो, आणि ही पैज दरवर्षी जिंकता येत नाही. पुढं आपण मिश्रणापाशी पोहोचू तेव्हा ही गोष्ट आठवणीत असू द्यावी.

चौथी पायरी तोडणी. साध्या वाइनसाठी द्राक्षातली साखर बावीस-तेवीस ब्रिक्सपर्यंत चढू देतात. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साधारणपणे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. फेसाळ वाइनसाठी मात्र सतरा ते एकोणीसलाच तोडतात. कारण दुसऱ्या आंबवणीत मद्यार्क आणखी वाढणार असतो. आधीच गोड द्राक्ष घेतलं तर शेवटी वाइन जड आणि डोक्यात जाणारी होते. खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्या बागाईतदाराला हे पटायला जड जातं. त्याच्या मते माल अजून आठ-दहा दिवस ठेवायला हवा. हे आठ-दहा दिवसच सगळं घालवतात.

तोडणी पहाटे, हातानं, उथळ क्रेटमध्ये. खोल क्रेट भरला तर तळचे मणी वजनानं फुटतात, रस उघड्यावरच आंबायला लागतो, तांबूस पडतो. क्रेट कारखान्याच्या दारात उन्हात उभे राहिले तर तेच. सकाळी दहानंतर आलेल्या मालाकडे मी तरी संशयानं बघतो.

पाचवी पायरी पिळणं. घड देठासकट अख्खे यंत्रात घालतात आणि दाब हळूहळू वाढवतात. शॅम्पेनचा नियम काटेकोर आहे. ४,००० किलो द्राक्षांतून पहिला २,०५० लिटर रस उत्तम समजायचा, पुढचा ५०० लिटर दुय्यम, त्यानंतरचा शॅम्पेनसाठी धरायचा नाही. दाब वाढला की साल आणि बी यांचा तुरटपणा उतरतो. ऊस शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची सवय इथं सोडावी लागते.

या आकड्यांवरून आपल्याला भिंतीआडच्या मळ्याचा हिशेब मांडता येईल. हेक्टरी दहा टन माल धरला तर १.८४ हेक्टरांत सुमारे १८,४०० किलो. त्यातून उत्तम रस साडेनऊ हजार लिटरच्या आत. पाऊण लिटरच्या बाटल्या भरल्या तर साडेबारा हजार. हे चांगल्या वर्षाचं, आणि अख्ख्या जगाला पुरवायचं. कितीही पैसा ओतला तरी पुढच्या वर्षी दुप्पट करता येत नाही, कारण भिंत सरकवता येत नाही.

सहावी पायरी पहिली आंबवण. यीस्ट, म्हणजे खमिराचे सूक्ष्म जीव, रसातली साखर खातात आणि मद्यार्क व कर्बवायू सोडतात. या वेळचा वायू उडून जाऊ देतात. तयार होते ती साधी, पातळ, चांगलीच आंबट वाइन. नाशिकला हे काम स्टीलच्या थंड टाक्यांत चालतं. क्लो द्यू मेनिल करणारं क्रूग घराणं २०५ लिटरची लहान ओक पिंपं वापरतं. एका मळ्याचेही अनेक कोपरे असतात. लहान पिंपांमुळे प्रत्येक कोपऱ्याची वाइन वेगळी ठेवून चाखता येते.

ही कच्ची वाइन आपण चाखली तर तोंड वाकडं होईल. तिथंच निराश होऊ नये. आंबटपणा हाच पुढच्या सगळ्याचा कणा आहे.

सातवी पायरी मिश्रणाची, आणि किमतीचं कोडं इथंच सुटतं.

शॅम्पेनमधल्या बहुतेक बाटल्यांवर साल नसतं. कारण त्यांत एका सालाची वाइन नसते. दहा-वीस गावांतली, दोन-तीन जातींची, शिवाय मागच्या काही वर्षांची राखून ठेवलेली वाइन एकत्र करून घराण्याची ठरलेली चव जुळवतात. एका गावात गारपीट झाली तर दुसऱ्या गावानं भरून काढायचं. यंदा पाऊस जास्त झाला तर तीन वर्षांपूर्वीच्या चांगल्या वाइननं सावरून घ्यायचं. ही आभाळाविरुद्धची तरतूद आहे, आणि ती अतिशय शहाणपणाची आहे. ज्याला दरवर्षी तीच चव हवी त्यानं अशीच बाटली घ्यावी.

बाटलीवर साल छापलं की यातला एक आधार सुटला. शॅम्पेनच्या नियमानं ती वाइन शंभर टक्के त्याच सालची हवी. एकाच गावाची म्हटलं की दुसरा आधार गेला. एकाच जातीची म्हटलं की तिसरा. एकाच भिंतीआडची म्हटलं की काहीच उरलं नाही. त्या साडेचार एकरांत त्या वर्षी जे पिकलं ते आहे तसं भरायचं, किंवा अजिबात भरायचं नाही. क्लो द्यू मेनिलची किंमत ही या आधार सोडण्याची किंमत आहे, असं माझं मत आहे. भिंत थोडा वारा अडवते, दगड थोडी ऊब धरतात, हे खरं. पण माझ्या अंदाजानं भिंतीनं द्राक्षाला जेवढी ऊब दिली त्याहून जास्त ती विक्रेत्याला दिली.

आणि क्रूगनं ‘अजिबात भरायचं नाही’ हा पर्याय खरोखर वापरला आहे. १८४३ साली रँस शहरात सुरू झालेल्या या घराण्याच्या हाती हा मळा १९७१ साली आला. तेव्हा इतर मळ्यांच्या मालात मिसळायला आणखी चांगलं शार्दोने मिळेल, एवढाच विचार होता. चाखल्यावर मात्र ते वेगळं ठेवावंसं वाटलं. १९७९चं पीक पहिल्यांदा स्वतंत्र भरलं, आणि ते बाजारात यायला १९८६ साल उजाडलं. त्यानंतर १९८४ आणि १९८७ ही सालं आपल्याला या नावाखाली सापडणार नाहीत. १९९९ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ते पीक बाटलीत गेलं, तळघरात वर्षानुवर्षं मुरलं, आणि शेवटी ते विकायचंच नाही असं ठरलं.

हेच क्रूग घराणं १९९९पासून एलव्हीएमएच या समूहाकडे आहे, आणि दिंडोरीचं शाँदोंही त्याच समूहाचं. पैसा आणि जाणकार हाताशी असूनही दिंडोरीतली शाँदों एकाच बंदिस्त तुकड्याची नसते. मला यात काही कमीपणा दिसत नाही. ज्या पट्ट्यात ऑक्टोबरचा पाऊस, जानेवारीची भुरी आणि फेब्रुवारीची गारपीट एकाच हंगामात येऊ शकते, तिथं तीन जातींचं आणि अनेक शेतकऱ्यांच्या मालाचं मिश्रण करणं हाच व्यवहार.

आठवी पायरी फेसाची. शांत झालेली वाइन जाड काचेच्या बाटलीत भरायची, तिच्यात लिटरमागे सुमारे चोवीस ग्रॅम साखर आणि ताजं यीस्ट घालायचं, आणि सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण ठोकायचं. यीस्ट पुन्हा साखर खातं, पण या वेळी वायूला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या टायरातल्या दाबाच्या अडीच-तीन पट. मद्यार्कही टक्का-सव्वा टक्का वाढतो.

वाइनमध्ये साखर घालून तिला फेस आणण्याची सर्वांत जुनी लेखी नोंद १६६२ सालची, लंडनमधल्या क्रिस्टोफर मेरेटची. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, १६१५ साली, इंग्रज राजदूत टॉमस रो बऱ्हाणपूरला आला होता. त्यानं जहांगीराचा मुलगा परवीझ याला मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शहजाद्यानं ती इतक्या उत्साहानं हाताळली की पुढची भेट होऊच शकली नाही. त्या पेटीत फेसाळ वाइन असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बाटलीत फेस उठला तर तो दोष समजत.

दोष समजायला कारणही होतं. साखर किती घालायची याचं माप कळायच्या आधी तळघरात बाटल्या फुटत, एक फुटली की शेजारची फुटे, आणि कामगार तोंडाला लोखंडी जाळी बांधून आत जात. १८३०च्या दशकात फ्रान्सुआ नावाच्या औषधविक्रेत्यानं वाइनमधली उरलेली साखर मोजायची रीत बसवली, तेव्हा कुठे ही फूट कमी झाली. आजही जिथं बिघडतं ते असं: बाटल्यांत टाकण्याआधी यीस्टला मद्यार्क आणि आम्ल यांची हळूहळू सवय करावी लागते. ती घाईत केली तर यीस्ट अर्ध्या वाटेत दम सोडतं. बाटलीत साखर तशीच राहते आणि फेस येत नाही. पहिल्या आंबवणीनंतर गंधकाचं प्रमाण जास्त झालं तरी हेच होतं. झाकण जरा सैल बसलं तर वायू महिनोन् महिने झिरपत राहतो आणि बाटली उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

नववी पायरी म्हणजे काही न करणं. साखर संपली की यीस्ट मरतं आणि बाटलीच्या कुशीत त्याचा साका बसतो. हा साका लगेच काढत नाहीत. त्यातल्या पेशी सावकाश विरघळतात आणि वाइनला भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, बदामाचा वास देतात. शॅम्पेनचा नियम असा: साल नसलेली बाटली किमान पंधरा महिने तळघरात हवी, त्यातले बारा साक्यावर. साल छापलेली किमान तीन वर्षं. क्लो द्यू मेनिल दहा वर्षांहून अधिक ठेवतात. तेवढा काळ भांडवल अडकून पडतं, आणि तेही किमतीत येतं.

शॅम्पेनला यासाठी खडूत कोरलेली तळघरं आहेत, बारमाही दहा-बारा अंशांवर. बऱ्हाणपूरकरांना खडकात कोरलेल्या थंडाव्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही, तिथल्या कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याच्या भुयारांत उतरलेल्या कुणालाही तो ठाऊक आहे. नाशिकला मात्र वीज लावून खोल्या थंड ठेवाव्या लागतात. उष्णता वाढली की साका आपलं काम भरभर आणि वाईट करतो.

दहावी पायरी फिरवणीची. साका बाटलीच्या कुशीत पसरलेला असतो, तो तोंडाशी आणायचा. त्यासाठी बाटल्या भोकं पाडलेल्या तिरप्या फळ्यांमध्ये तोंडाकडून खोवतात आणि रोज थोडी थोडी फिरवत, थोडी थोडी उभी करत नेतात. शेवटी बाटली डोक्यावर उभी राहते आणि साका झाकणापाशी गोळा होतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्लिको या विधवा बाईंच्या तळघरात निघाली. हातानं याला काही आठवडे लागतात. यंत्रानं आठवड्याभरात उरकतं, आणि खरं सांगायचं तर चवीत फरक पडत नाही.

अकरावी पायरी पाहायला सर्वांत मजेची. बाटलीचं फक्त तोंड उणे पंचवीस-सत्तावीस अंशांच्या द्रावणात बुडवतात. साका बर्फाच्या बुचात गोठतो. बाटली सरळ करून झाकण काढलं की आतला दाब तो बर्फ फटकन बाहेर फेकतो. साका गेला, वाइन राहिली. वाइन पुरेशी गार नसेल तर बर्फामागून फेसही उसळतो आणि चौथा हिस्सा जमिनीवर सांडतो.

जेवढी वाइन सांडली तेवढी भरून काढताना तिच्यात थोडी साखर घालतात. लेबलावरचे शब्द या साखरेचं माप सांगतात. लिटरमागे बारा ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ब्रूट, सहापर्यंत असेल तर एक्स्ट्रा ब्रूट. ‘एक्स्ट्रा ड्राय’ला मात्र फसू नये. नाव कोरडं असलं तरी तिच्यात बारा ते सतरा ग्रॅम असतात, म्हणजे ती ब्रूटहून गोड. खरी गोड हवी असेल तर डेमी-सेक, बत्तीस ते पन्नास. आपल्याकडे पहिल्यांदा चाखणाऱ्या पुष्कळ जणांना ब्रूट आंबट वाटते. त्यांनी संकोच न करता डेमी-सेक मागावी.

मग बूच, आणि त्यावर तारेची जाळी. ही जाळी १८४४ साली जाकसाँ नावाच्या वाइनवाल्यानं पेटंट घेऊन आणली. तिच्याआधी बूच सुतळीनं बांधत.

लेबलाबद्दल आणखी एक. साल म्हणजे द्राक्ष तोडल्याचं साल, बूच लागल्याचं नव्हे. दोन्हींत दहा वर्षांचं अंतर असू शकतं आणि बूच लागल्यावर वाइनचं वय वेगळ्या चालीनं वाढतं. क्रूगच्या मागच्या लेबलावर सहा आकडी क्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा तिमाही आणि पुढचे दोन साल सांगतात, साका काढल्याचं. आपल्याकडच्या बाटलीवर भरल्याची तारीख असते. ब्रूटच्या बाबतीत दुकानात दोन-तीन वर्षं उभी राहिलेली बाटली स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये.

बाटली नाशिकहून बऱ्हाणपूरला न्यायची असेल तर वाटेत राज्याची हद्द लागते. मद्याचे नियम दोन्ही राज्यांचे वेगळे आहेत, त्यामुळे न्यायच्या आधी अबकारी खात्याकडून परवान्याची माहिती घ्यावी.

घरी आणल्यावर ती ट्यूबलाइटखालच्या शोकेसमध्ये ठेवू नये. उजेडानं, विशेषतः पांढऱ्या काचेतल्या वाइनला, उकडलेल्या कोबीचा वास लागतो. मे महिन्यात बऱ्हाणपूरच्या माळ्यावरही नको. अंधारी, गार जागा नसेल तर सरळ फ्रिजमध्ये, पण दारात नको. दार हलतं, बाटली हलते, फेस खवळतो. फ्रीजरमध्ये तर कधीच ठेवू नये. गोठली तर बाटली फुटते.

उघडताना वाइन आठ ते दहा अंशांवर असावी. बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घातलेल्या बादलीत वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. जाळीची तार सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटते. सुटल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही आणि बाटलीचं तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे करायचं नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. आवाज जितका कमी तितकं चांगलं उघडलं. सिनेमात उडवतात ते बूच डोळा घालवू शकतं.

पेल्यात फेस आला नाही तर दोष बऱ्याचदा वाइनचा नसून भांडी घासायच्या साबणाचा असतो. पेल्यावर साबणाचा पापुद्रा राहिला की बुडबुडे बसतात. नुसत्या गरम पाण्यानं धुऊन सुती कपड्यानं पुसावा. कापसाचे जे सूक्ष्म धागे काचेला चिकटून राहतात, बुडबुड्यांची माळ तिथूनच उठते.

उरलीच, तर बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवायची एक जुनी रीत आहे. तिचा काहीच उपयोग होत नाही. फेसाळ वाइनसाठी कडीचं खास झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी.